हावकाचा तो हाफकिन

पावसाळा लागला, डवरणी आणि निंदणाची कामे सुरू झाली की आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पान लागलेली, म्हणजे साप चावलेली, माणसे येऊ लागतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका केंद्राच्या औषध भांडारात मी नोकरीची बहुतेक वर्षे काढली. सर्पदंशावरच्या लसीची खोकी मोजणे, त्यांची मुदत पाहणे, साठा नोंदवहीत चढवणे आणि रात्री-अपरात्री दार उघडून ती काढून देणे हे माझे काम होते. त्या खोक्यांवर, पोलिओच्या डोसांच्या कुप्यांवर आणि वरून येणाऱ्या कागदपत्रांवर एक शब्द वर्षानुवर्षे माझ्या डोळ्यांसमोर होता: हाफकिन. हे कोणा शास्त्रज्ञाचे नाव आहे आणि मुंबईत परळला त्याच्या नावाची संस्था आहे, एवढे मला शाळेपासून ठाऊक होते. परंतु हे आडनाव आहे, आणि आडनाव आहे म्हणजे त्याला मूळ गाव, मूळ अर्थ आणि मूळ माणूस असणारच, हा विचार निवृत्त होईपर्यंत माझ्या मनाला शिवला नव्हता.

तो विचार जागा केला गावातल्याच एका प्रश्नाने. रिकाम्या खोक्यात बियाणे ठेवण्यासाठी खोके मागायला आलेल्या एका शेतकऱ्याने त्यावरची अक्षरे जुळवून वाचली आणि मला विचारले, ''हे हापकीन कोनतं गाव व्हय साहेब?'' त्याचा प्रश्न आपल्याकडच्या रीतीला धरून होता. आपल्याकडे निम्म्या आडनावांत गाव दडलेले असते, तेव्हा अनोळखी नाव दिसले की मराठी माणूस आधी गाव शोधतो. मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. त्यानंतर मी जे वाचत गेलो आणि जुळवत गेलो, ते इथे मांडतो आहे, कारण त्या प्रश्नाचे उत्तर गाव नसून एक बाई आहे, आणि त्या बाईचे नाव मी माझ्याच केंद्रात स्वतःच्या हाताने लिहिलेले होते.

ज्यांना आपण वाल्डेमार हाफकिन म्हणतो त्यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्रावरच्या ओडेसा या बंदरात, त्या वेळच्या रशियन साम्राज्यात, एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे रशियन नाव व्लादिमिर आणि धर्मपरंपरेतले नाव मोर्देखय. आडनाव रशियन लेखनात 'हावकिन' होते. त्यातला पहिला 'ह' आपल्या 'ह' आणि 'ख' यांच्या मधला, घशातून घासून निघणारा आहे. कोणी तो 'ख' लिहितात, कोणी 'ह'. मी या लेखात 'ह' लिहिणार आहे, कारण मराठीत तो त्याच अक्षराने रुजला आहे.

आता हे आडनाव उलटे, म्हणजे शेवटापासून सोडवावे लागते. शेवटचे 'इन' हा रशियन भाषेतला मालकी दाखवणारा प्रत्यय आहे. जे नाम 'आ'ने संपते त्याला हा प्रत्यय लागतो आणि त्यातला 'आ' गळून पडतो. रशियन भाषेत 'मामा' म्हणजे आई, आणि 'मामिन' म्हणजे आईचा. जे नाम व्यंजनाने संपते त्याला 'ओव्ह' लागते, म्हणून इवानचा तो इवानोव्ह. आपल्या 'चा-ची-चे'चेच काम हे प्रत्यय करतात. त्यामुळे 'हावकिन' म्हणजे 'हावकाचा', आणि बाई असेल तर 'हावकिना', म्हणजे 'हावकाची'. ल्युबोव हावकिना या खार्किव शहरात १८७१ साली जन्मलेल्या विदुषी रशियन ग्रंथालयशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक मानल्या जातात. त्यांच्या आडनावातला तो 'ना' पाहिला की प्रत्ययाचे काम डोळ्यांसमोर उभे राहते.

मग ही हावका कोण? यातला 'का' हाही जोडलेला आहे. स्लाव्ह भाषांत लहान आणि लाडक्या वस्तूला किंवा माणसाला 'का' लावतात, जसे आपल्याकडे गंगेची गंगी होते आणि सारजेची सारजी. पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांची घरातली बोली यिद्दिश ही मुळात जर्मन वळणाची असली तरी शेजारच्या स्लाव्ह भाषांमधून तिने हा लाडका 'का' उचलला होता. तो बाजूला केला की उरते 'हावे', यिद्दिशमधले बाईचे साधे, घरोघरी आढळणारे नाव. हेच हिब्रूतले 'हव्वा'. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आपल्या स्त्रीचे नाव हव्वा ठेवतो, कारण ती सर्व जिवंतांची माता आहे. हिब्रूतल्या 'हाय', म्हणजे जिवंत, या शब्दाशी तिथे ते नाव जोडलेले आहे. इंग्रजीत हेच नाव ग्रीक आणि लॅटिनच्या वाटेने 'ईव्ह' होऊन पोचले आणि त्याचा मूळचा कंठ्य आवाज वाटेत हरवला. मराठी बायबलमध्ये मात्र ते 'हव्वा' असेच राहिले आहे.

इथपर्यंत वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटले, कारण मला एक रात्र आठवली.

जुलैचा महिना होता, वीज गेलेली होती. रात्री दीडच्या सुमारास एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मोटरसायकलवर मध्ये बसवून आणले. जमिनीवर सतरंजी टाकून झोपला असताना त्याला मण्यार चावली होती. चावा दिसत नव्हता, रक्त नव्हते, सूज नव्हती, परंतु पापण्या मिटत चालल्या होत्या आणि बोलताना शब्द जड पडत होते. डॉक्टरांनी दहा कुप्या काढायला सांगितल्या. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक असेल की ही लस भुकटीच्या रूपात येते. तीत निर्जंतुक पाणी सोडून कुपी दोन तळव्यांमध्ये हळूहळू फिरवावी लागते. घाईने हलवली तर फेस होतो आणि मग ती लवकर ओढता येत नाही. मेणबत्तीच्या उजेडात एक एक कुपी तळव्यात फिरवत मी उभा होतो आणि माझ्या समोर मुलाची आजी बाकावर बसून माझ्या हातांकडे पाहत होती. संमतीपत्रावर नातेवाइकाचे नाव लिहायचे होते. मी विचारले. ती म्हणाली, ''हवाबी.'' मी लिहिले: हवाबी, नाते आजी. तिने अंगठा उठवला. मुलाला पहाटे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले आणि तो वाचला.

आमच्याकडच्या मुसलमान घरांतून जुन्या पिढीच्या बायकांमध्ये हवाबी, हवाबाई ही नावे पुष्कळ असत. गावात लोक त्याचा संबंध वाऱ्याशी जोडतात, पण तो तसा नाही. वाऱ्याला आपण ज्याला हवा म्हणतो तो अरबीतला वेगळा शब्द आहे, त्याचा 'ह'सुद्धा वेगळा आहे. हवाबी ही हव्वाबी आहे. अरबी परंपरेतून, दख्खनी बोलीच्या वाटेने, तेच आदिमातेचे नाव यवतमाळच्या काळ्या मातीत येऊन पोचले. हिब्रू आणि अरबी या सख्ख्या शेजारणी भाषा आहेत. त्या रात्री माझ्या टेबलावर खोक्यावर एक हव्वा होती आणि संमतीपत्रावर दुसरी. एक ओडेसाहून पॅरिस, कोलकाता आणि मुंबईमार्गे आलेली, दुसरी अरबस्तानाहून दख्खनमार्गे आलेली. दोन्ही नावे मी वाचली होती, आणि दोन्ही एकच आहेत हे मला कळायला इतकी वर्षे जावी लागली.

आता आडनाव म्हणून ते केव्हा घडले, हे पाहिले पाहिजे. पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांना अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत सामान्यतः आडनाव नव्हते. अमक्याचा मुलगा तमका, एवढ्यावर व्यवहार चाले. कर गोळा करणे आणि सैन्यभरती यांसाठी राज्यांना पक्की नावे हवी होती. ऑस्ट्रियाच्या राज्यात १७८७ साली तसा हुकूम निघाला, आणि रशियात झार पहिला अलेक्झांडर याच्या १८०४ च्या कायद्याने प्रत्येक ज्यू कुटुंबाने वंशपरंपरेने चालणारे आडनाव घेणे बंधनकारक झाले. ही नावे नोंदवण्याचे काम बऱ्याच ठिकाणी ज्यू वस्तीच्या स्वतःच्या पंचमंडळाकडे, ज्याला 'काहाल' म्हणत, त्याच्याकडे आले. रशियन साम्राज्यातल्या ज्यू आडनावांचा सर्वांत बारकाईने अभ्यास करणारे अलेक्झांडर बायडर यांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट होते. एका तालुक्याची नावे एका साच्यातली आणि शेजारच्या तालुक्याची दुसऱ्या साच्यातली आढळतात, याचे कारण त्या त्या ठिकाणच्या काहालने आपापला साचा वापरला. कुठे गावाच्या नावाला 'स्की' लावले, कुठे धंद्यावरून नाव दिले, कुठे जर्मन वळणाचे जोडशब्द आले.

आणि आज बेलारूस देशात असलेल्या पूर्वेकडच्या भागात, मोगिलेव्ह या जुन्या प्रांतात, काहालने आयांची नावे घेतली. हा प्रांत १७७२ मध्ये पोलंडच्या पहिल्या फाळणीत रशियाकडे आला होता. नीपर ही मोठी नदी त्याच्या मधून वाहते आणि ओर्शा, श्क्लोव्ह, मोगिलेव्ह ही गावे तिच्या काठावर आहेत. या पट्ट्यात बाईच्या नावावरून पडलेली, 'इन'ने संपणारी आडनावे जितकी दाट सापडतात तितकी दुसरीकडे सापडत नाहीत. रिव्काचा तो रिव्किन, माल्काचा तो माल्किन, द्वोरा म्हणजे मधमाशी, तिचे लाडके रूप द्वोरका, तिचा तो द्वोरकिन, साराचे घरगुती रूप सोरका, तिचा तो सोरकिन. यात एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. रिव्का आणि माल्का या नावांतला 'का' मूळ हिब्रूचाच आहे, तर सोरका, द्वोरका आणि हावका यांतला 'का' स्लाव्ह लाडाचा आहे. कागदावर ते सारखेच दिसतात. 'हाया' या नावापासून झालेले 'हायकिन' हे तर हावकिनचे जवळचे नातलग म्हणावे लागेल, कारण हायाचा अर्थही 'जिवंत' असाच आहे. इस्रायलचे २०१४ ते २०२१ या काळातले राष्ट्राध्यक्ष रूवेन रिव्लिन यांचे घराणेही मूळचे श्क्लोव्हचे, आणि त्यांच्या आडनावातही रिव्का हीच बाई आहे.

बाईचेच नाव का घेतले असावे, याचे एक स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. पुरुष धर्मग्रंथांच्या अभ्यासाला बसत आणि बायका दुकान, बाजार, देणेघेणे सांभाळत, म्हणून घर बाईच्या नावाने ओळखले जाई. त्या समाजात बायका बाजार सांभाळत होत्या हे खरे आहे. परंतु तशा बायका सगळीकडे होत्या आणि आयांची आडनावे मात्र एका पट्ट्यात दाटलेली आहेत, तेव्हा मला काहालच्या साच्याचे कारण अधिक पटते. हुकूम वरून आला, वेळ थोडा होता, आणि नोंद करणाऱ्याने घरातल्या जाणत्या बाईचे नाव विचारले असणार. माझ्या संमतीपत्रासारखेच ते झाले असावे, असे मला वाटते. समोर जी बसली होती तिचे नाव कागदावर चढले.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. हावका एक नव्हती. हे नाव त्या भागात घरोघरी होते, त्यामुळे वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकींशी काही नाते नसलेल्या हावकांवरून वेगवेगळी हावकिन घराणी झाली. आडनाव एक म्हणजे भाऊबंदकी एक, असा समज आपल्याकडेही असतो, आणि तो आपल्याकडेही खरा नसतो. वऱ्हाडातल्या प्रत्येक राऊताचे दुसऱ्या राऊताशी नाते असतेच असे नाही. हावकिन हे आडनाव कुठेच फार मोठ्या संख्येने नाही, पण जिथे आहे तिथे ते एकाच मुळाच्या फांद्या म्हणून नव्हे, तर एकाच हंगामात वेगवेगळ्या वावरांत उगवलेल्या रोपांसारखे आहे.

ही रोपे मग पसरली कशी? रशियन साम्राज्यात ज्यू लोकांना ठरावीक प्रांतांबाहेर राहण्याची परवानगी नव्हती. ती हद्द १७९१ पासून आखली गेली. त्या हद्दीच्या उत्तरेकडच्या जुन्या गावांत दाटी आणि दारिद्र्य वाढत गेले, आणि दक्षिणेकडे काळ्या समुद्रालगतचा नवा मुलूख हद्दीत असून मोकळा होता. ओडेसा हे बंदर १७९४ साली वसवले गेले. एकोणिसाव्या शतकात बेलारूस आणि लिथुआनियाकडची असंख्य ज्यू कुटुंबे दक्षिणेकडे उतरली आणि १८९७ च्या रशियन जनगणनेच्या वेळी ओडेसाच्या लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश लोक ज्यू होते. उत्तरेच्या साच्यातली आयांची आडनावे दक्षिणेच्या बंदरात सापडतात, त्याचे कारण हे स्थलांतर आहे.

१८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि दक्षिणेकडे ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. तिथून पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे वीस लाख ज्यू लोकांनी रशियन साम्राज्य सोडले, त्यांतले बहुतेक अमेरिकेला गेले. तिथे गेल्यावर या आडनावाच्या पहिल्या अक्षराचे हाल झाले, कारण घशातला तो आवाज इंग्रजीत नाही. कोणी तो 'के-एच'ने लिहिला, कोणी जर्मन पद्धतीने 'सी-एच'ने, कोणी नुसत्या 'एच'ने. म्हणून आज अमेरिकेत खावकिन, चावकिन, हावकिन, हाफकिन, चाफकिन अशी वाचली जाणारी कुटुंबे एकाच शब्दाची निघतात, आणि पुष्कळांना शेजारचे घर आपल्याच नावाचे आहे हे ठाऊक नसते. न्यूयॉर्कच्या बंदरावरच्या कारकुनांनी लोकांची नावे बदलली, अशी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते, पण ते कारकून जहाजाच्या यादीवरून तपासणी करत, नवी नावे देत नसत. बदल लोकांनी नंतर स्वतः केले, मुलांच्या शाळेसाठी, दुकानाच्या पाटीसाठी, शेजाऱ्यांच्या जिभेसाठी. काही कुटुंबे पॅलेस्टाइनला गेली, आणि तिथे मूळचा कंठ्य आवाज हिब्रूमुळे टिकला.

आणि ज्या गावांत हे आडनाव घडले तिथे काय उरले, हे लिहिणे जड जाते. १९४१ मध्ये जर्मन सैन्य मोगिलेव्ह आणि श्क्लोव्हपर्यंत पोचले आणि त्याच वर्षात तिथल्या ज्यू वस्त्या बायकामुलांसकट मारल्या गेल्या. आडनावाचा नकाशा काढायला बसले तर दाट रंग जिथे असायला हवा तिथेच पांढरा डाग आहे. हावका जिथे राहत होत्या ती घरे गेली. त्यांचे नाव बाहेर पडलेल्यांबरोबर उरले.

आपल्याला जो हाफकिन ठाऊक आहे तो या गर्दीतला एक, आणि त्याच्या नावाचे लेखन पॅरिसमध्ये ठरले. हाफकिन १८८९ च्या सुमारास पाश्चर संस्थेत पोचले आणि आधी तिथल्या ग्रंथालयात काम करू लागले. त्यांच्या नावाच्या फ्रेंच लेखनात दोन गोष्टी दिसतात. पहिली, हिब्रूतल्या 'व'चा 'फ' झालेला आहे. रशियन भाषेत 'व' हा 'क'च्या आधी आला की तो कठोर होऊन 'फ'सारखा उच्चारला जातो. लिहितात हावकिन आणि म्हणतात हाफकिन. त्यांनी कानाला जे ऐकू येते ते लिहिले. दुसरी गोष्ट शेवटच्या अक्षराची. फ्रेंचमध्ये 'इन' असे नुसते लिहिले तर ते नाकातून, अनुनासिक उच्चारले जाते आणि 'न' गायब होतो. तो टिकावा म्हणून शेवटी एक मुका 'ई' जोडण्याची फ्रेंच रीत आहे आणि पुश्किनपासून लेनिनपर्यंतची रशियन नावे फ्रेंच लोक तशीच लिहितात. म्हणजे हा शब्द हिब्रूत जन्मला, यिद्दिशने वाढवला, स्लाव्ह प्रत्ययांनी त्याला आडनाव केले, रशियन उच्चाराने त्याचा 'व' बदलला, फ्रेंच लेखनाने त्याला शेपूट दिले आणि मग तो देवनागरीत आला, जिथे ते मुके शेपूट आपण सहज गाळून टाकले.

त्यांचे काम इथे फार सांगत नाही, कारण ते पुष्कळांनी लिहिले आहे. १८९२ मध्ये पटकीची लस त्यांनी स्वतःला टोचून घेतली, १८९३ मध्ये ते भारतात आले, १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांना तिकडे बोलावले गेले आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस त्यांनी पुन्हा आधी स्वतःलाच टोचली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल या गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली, त्याचा ठपका त्यांच्यावर आला, आणि तो पुसला जायला १९०७ उजाडले. आमच्या आजोबांच्या पिढीने प्लेगच्या दिवसांत गाव सोडून वावरात कुडाची खोपटी घालून दिवस काढले होते, आणि गाठ आली की माणूस गेला, हे वाक्य मी लहानपणी घरात ऐकले आहे. म्हणून हे नाव मला कधीच परके वाटले नाही.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले आणि त्या दिवसापासून या आडनावाच्या भौगोलिक पसाऱ्यात एक नवाच प्रदेश आला. महाराष्ट्रात हाफकिन आडनावाचे घराणे नाही. त्यांनी लग्न केले नाही, १९१५ च्या सुमारास भारत सोडला आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचा अंत झाला. आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या, म्हणजे जिथे मुले धर्मग्रंथ शिकत त्या शाळांच्या मदतीसाठी ठेवली. मूल नाही, वारस नाही. आणि तरी आमच्या केंद्रात, प्रत्येक उपकेंद्राच्या बर्फपेटीत, आशाताईंच्या बोलण्यात हे आडनाव रोज उच्चारले जाते. हे आडनाव ज्यांच्या जिभेवर सर्वाधिक वेळा येते अशा माणसांत मराठी माणसे बरीच वरच्या क्रमांकावर असतील असे मला मनापासून वाटते.

आडनावांच्या भूगोलाची आम्हा विदर्भातल्या लोकांना तशी सवय आहे. चंद्रपूर, गडचिरोलीकडे गेले की 'वार'ने संपणारी आडनावे सुरू होतात. १९६२-६३ मध्ये मुख्यमंत्री राहिलेले मारोतराव कन्नमवार तिकडचेच. हा 'वार' तेलुगूतल्या आदरार्थी 'वारु'शी जोडला जातो आणि तो सुरू झाला की तेलुगू मुलूख जवळ आला हे समजते. उईके, मडावी, आत्राम ही नावे ऐकली की गोंड वस्ती. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यू लोकांनी तर उलटीच रीत धरली. त्यांची माणसांची नावे हिब्रू परंपरेतली, आणि आडनावे पेणकर, रोहेकर, नागावकर अशी अस्सल गावची. नाव दूरचे, आडनाव जवळचे. हावकिन मंडळींचे नेमके दुसरे टोक आहे. त्यांच्या आडनावात गाव नाही, नदी नाही, धंदा नाही. फक्त एक बाई आहे, आणि तीही तिच्या लाडक्या, घरात हाक मारायच्या नावाने.

आईचे नाव पुढे चालवणे आपल्यालाही नवे नाही. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावि या सातवाहन राजांनी आईचे नाव आपल्या नावाआधी कोरून ठेवले. मधल्या काळात ते आपल्या कागदांवरून गेले. माझ्या नोकरीच्या बहुतेक काळात जन्मनोंदणीच्या अर्जावर बाळाच्या नावामागे बापाचे नाव आणि मग आडनाव एवढेच लिहिले जाई, आईचे नाव स्वतंत्र रकान्यात. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत सरकारी कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात ठरला आहे. हा हुकूमही वरूनच आला आहे, जसा १८०४ चा आला होता, आणि तो मला योग्य वाटतो. दोनशे वर्षांपूर्वी नीपरच्या काठी एका कारकुनाने जे केले त्यामुळे त्या बाईचे नाव आज आमच्या खोक्यावर आहे.

मागच्या महिन्यात काही कामासाठी मी जुन्या केंद्रात गेलो होतो. नव्या मुलाने भांडार नीट ठेवले आहे. त्याला विचारून मी जुन्या साठा नोंदवह्या काढून पाहिल्या. माझ्या आधीच्या फार्मासिस्टांनी 'हॉफकिन' लिहिले आहे, त्यांच्याही आधीच्यांनी 'हापकीन', मी सगळीकडे 'हाफकिन' आणि नवा मुलगा 'हाफकीन', दीर्घ. चार हातांची चार रूपे, जशी न्यूयॉर्कला झाली होती तशीच. मी त्याला दुरुस्ती सुचवली नाही. संमतीपत्रांचा तो जुना गठ्ठा मात्र मिळाला नाही, ठरावीक वर्षांनंतर ते कागद नष्ट करतात. निघताना त्याने विचारले की आजोबा, काय शोधत होता. मी त्याला बाकावर बसवले, एका कोऱ्या चिठ्ठीवर 'हव्वा' लिहिले, त्याखाली 'हावका', त्याखाली 'हावकाचा', आणि मग खोके त्याच्यासमोर ठेवले.